काचेवरचा हात

माझी मावशी काहीही फेकत नाही. सुतळ्या, रिकाम्या बरण्या, बंद पडलेलं गजराचं घड्याळ, सगळं तिच्याकडे जपून ठेवलेलं असतं. काकांचे हात मात्र तिने वर्षानुवर्षं रोज फेकले. हे आता ती स्वतःच सांगते आणि सांगताना स्वतःवरच चिडते.

काका म्हणजे तिचे यजमान. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, त्यात एक मोठं यंत्र, एक कम्प्युटर, एक स्टूल आणि स्टुलावर काका. सकाळी शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत ते काचेवर आपला उजवा हात पसरून ठेवायचे आणि त्याची एक प्रत काढायचे. मी लहानपणी कारण विचारलं होतं. "कोऱ्या कागदावर यंत्राचं दुखणं कळत नाही गं," ते म्हणाले. "हातावर काळं असतं, राखाडी असतं, बारीक रेघा असतात. हात नीट उतरला की समजायचं, यंत्र ठणठणीत आहे."

त्यांची करंगळी वाकडी होती, एकदा शटर पडून मोडलेली. शेजारच्या बोटात लग्नातली अंगठी. "अंगठी काढा हो, काच खरवडते," मावशी रोज सांगायची. "तू घातलीस, तूच काढ," काका रोज म्हणायचे. व्हायचं तेच झालं. काचेवर चरा पडला आणि दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक पानावर उजव्या कडेला, वरून चार बोटं खाली, नखाएवढी तिरकी रेघ उमटू लागली. गिऱ्हाइकांच्या ती कधी लक्षात आली नाही. आम्हा घरच्यांना मात्र कुठलंही पान दाखवा, आपल्या दुकानातलं आहे की नाही ते एका नजरेत कळायचं. हाताचा कागद पाठकोरा, म्हणून मावशी त्यावर बाजाराची यादी लिहायची आणि बाजार झाला की चुरगळून टाकायची.

मग एका दुपारी पोलीस आले. मुलं एका जुन्या पुस्तकाची तीन प्रकरणं झेरॉक्स करून न्यायची. पुस्तक बाजारात मिळत नव्हतं. प्रकाशन कंपनीने छापणं सोडलं होतं, हक्क सोडला नव्हता. तक्रार झाली होती. चार माणसांनी यंत्र नेलं, कम्प्युटर नेला, दोघांचे फोन नेले, एवढंच काय, कचऱ्याची टोपलीसुद्धा पुरावा म्हणून नेली. जाताना साहेबाने यंत्रावर थोपटलं आणि विचारलं, "याला मेमरी असते. माहीत आहे ना?"

काका पांढरेफटक पडले. त्यांना माहीत होतं. काचेवर ठेवलेलं प्रत्येक पान आत साठतं आणि ते अधूनमधून पुसायचं असतं. काकांनी सहा वर्षांत एकदाही पुसलं नव्हतं. चोरटेपणा नाही, निव्वळ आळस. गल्लीतल्या लोकांची मृत्युपत्रं, दवाखान्याचे कागद, सोडचिठ्ठ्या, अर्ज, सगळं त्या पेटीत होतं, आणि ती पेटी आता गाडीत चढत होती.

त्यानंतर काकांना ठाण्यातून एक दिवसाआड बोलावणं यायचं. तिथे बाकावर बसायचं, संध्याकाळी कुणीतरी सांगायचं, "साहेब आज नाहीत, परवा या." मारहाण नाही, आवाज चढवणं नाही. नुसतं बसवून ठेवणं. चौथ्या महिन्यात एका सकाळी ते तिकडे जायला निघाले आणि जिन्यातच बसले, ते उठलेच नाहीत.

तेराव्या दिवसानंतर मावशीने घर पालथं घातलं. एकही हात सापडला नाही. दीड-दोन हजार हात होते, एक उरला नव्हता. फोटो होते, पण फोटोतला माणूस फोटोसाठी बसलेला असतो, ती म्हणाली. तिला तो रोजचा हात हवा होता, वाकड्या करंगळीचा. आणि तो जगात एकाच ठिकाणी होता, यंत्राच्या पोटात.

दीड महिन्याने काकांच्या नावाने नोटीस आली. 'समक्ष हजर राहावे.' मेलेल्या माणसाला बोलावणं आलेलं बघून मी संतापले. मावशी संतापली नाही. तिने कागद खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि तिचा चेहरा उतरला. उजव्या कडेला, वरून चार बोटं खाली, तिरकी रेघ होती.

"मावशी, डाग असेल गं."

"डाग मला कळत नाही का? ही त्यांची अंगठी आहे."

मग गल्लीत विचित्र गोष्टी सुरू झाल्या. समोरच्या शिंप्याला रस्त्यात एका शिपायाने हसत विचारलं, "धाकट्या मुलीला काहीच ठेवलं नाहीत का हो?" शिंप्याने मृत्युपत्राबद्दल बायकोलाही सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या नर्सबाईंना कुणीतरी फोन करून अगदी आपुलकीने विचारलं, "आता गाठ कशी आहे?" त्या दिवसभर दार लावून बसल्या. कुणाला धमकी आली नाही, कुणाकडे काही मागितलं नाही. नुसती चौकशी. त्याचीच जास्त भीती वाटायची. मलाही वाटायची, कारण मीही कधीतरी त्या काचेवर एक पत्र ठेवलं होतं आणि ते कुणाला होतं ते घरात कुणाला माहीत नव्हतं.

लोकांनी राग काढला तो मावशीवर. तिला बघून रस्ता बदलू लागले. शिंपी तेवढा तोंडावर बोलला, "वहिनी, तुमच्या घरातून गेलं हे सगळं." मावशीने मान खाली घातली. "गेलं खरं," ती म्हणाली. "तुम्हाला पोलिसांचा काही कागद आलाय का? मला दाखवा." शिंप्याला जबाबाची प्रत मिळाली होती. नर्सबाईंकडे ठाण्याचं एक पत्र होतं. दोन्हींवर तीच रेघ होती.

ती मला घेऊन ठाण्यात गेली. भर दुपार होती. मुद्देमालाच्या खोलीबाहेर एक हवालदार टेबल मांडून बसला होता. "यंत्र सीलबंद आहे, बाई," तो म्हणाला. "कुणी हात लावत नाही." तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला. आधी लांब सुस्कारा, मग दोनदा खट् खट्. आमच्या यंत्राचाच. पट्टा जुना झाल्यावर ते असंच करायचं.

"हे आमचं आहे," मावशी म्हणाली.

"सील आहे, बाई."

दाराआड पुन्हा सुस्कारा टाकला गेला. मावशीने नोटीस टेबलावर ठेवली आणि रेघेवर बोट ठेवलं. हवालदाराने बघितलं, कागद उजव्या हाताने पालथा घातला आणि त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

साहेब भेटला तो थेट कोर्टाचा हुकूम निघाल्यावर. यंत्र परत द्यायचं, पण आतली मेमरी पूर्ण पुसून, कारण त्यात कंपनीच्या पुस्तकाची पानं आहेत. मावशी हात जोडून म्हणाली, "साहेब, पुसा. फक्त त्यातलं एक पान मला काढून द्या. यजमानांचा हात आहे. त्यावर कुठल्या कंपनीचा हक्क नाही."

"निवडायचं म्हणजे उघडावं लागतं. उघडायची परवानगी नाही."

"मग शिंप्याचं मृत्युपत्र कुणी उघडलं?"

साहेबाने फाइल मिटली.

"पुस्तकाची तीन प्रकरणं काढली तर माणूस मरेपर्यंत बाकावर," मावशी म्हणाली. "अख्खी गल्ली काढली तर काय?"

"बाई, घरी जा," साहेब शांतपणे म्हणाला. "हार्डडिस्क आज पुसून होईल. गाडी मिळाली की यंत्र पोचेल."

गाडी मिळायला अकरा दिवस लागले. यंत्र आलं तेव्हा त्यावरच्या सीलची लाख ताजी, चकचकीत होती. सोबत प्रमाणपत्र होतं, मेमरी पूर्ण पुसल्याचं, अकरा दिवसांपूर्वीच्या तारखेचं. मावशीने लाख फोडली, वायर लावली. आशा नव्हतीच, पण सवयीने तिने मेमरीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, एक पान शिल्लक.

तिने उघडलं आणि किंचाळलीच. "अगं, हात आहे! त्यांनी ठेवला गं एक!"

मी धावत खाली आले. पडद्यावर खरंच हात होता, पाच बोटं पसरलेली. मावशी हसत होती, रडत होती, पडदा पदराने पुसत होती. मग तिचा हात थांबला. करंगळी सरळ होती. बोटं जाड होती. अंगठ्याच्या बुडाशी आडवा, जुना व्रण होता. अंगठी नव्हतीच. पण काकांच्या अंगठीच्या जागी, त्याच बोटावर, ती तिरकी रेघ आली होती.

कुणीतरी तिथे बसून काकांचे सगळे हात एकेक करून बघितले होते. आणि पुसून झाल्यावर, यंत्र ठणठणीत आहे का ते बघायला, त्याच काचेवर त्याच जागी आपला ठेवला होता. कदाचित रोज ठेवत असेल. मावशी स्टुलावर बसली आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडली. काका गेले त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने शटर उघडलं. लोक हळूहळू परत आले, कारण आता प्रत्येक काम झालं की ती पडदा गिऱ्हाइकाकडे वळवते आणि त्याच्यादेखत सगळं पुसते. तो एक हात मात्र तिने छापून घेतला आणि यंत्राच्या वर भिंतीला चिकटवला. लोकांना वाटतं काकांचाच. नर्सबाई तर येता-जाता त्याला नमस्कार करतात. मावशी त्यांना तसंच वाटू देते.

गेल्या आठवड्यात दुपारी तो मुद्देमालाचा हवालदार आला. साध्या कपड्यात होता, मुलाच्या शाळेचे कागद घेऊन. मी काउंटरवर होते, मावशी यंत्रापाशी. तो कागद पुढे करणार, तेवढ्यात त्याची नजर भिंतीवर गेली. तो थांबला. मग कागद डाव्या हातात घेतले आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला.

"कुणाचा हो हा?" त्याने विचारलं.

"ओळख पटलेली नाही अजून," मावशी म्हणाली. "पटली की काढून टाकीन."

तिने प्रती काढल्या, पडदा त्याच्याकडे वळवला आणि पुसून दाखवलं. "बघा, तुमच्या मुलाचं काहीही राहिलं नाही माझ्याकडे."

तो बरं म्हणाला. डाव्या हाताने त्याला पिशवीत कागद घालता येईनात, म्हणून मावशीनेच घालून दिले. उजवा हात तो पायरी उतरून गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत खिशातच होता.