गळ्यापर्यंत कापूस

माझं नाक मोडलं ते एका तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यानं. चटईवर तिच्या मागे बसून, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरून मी तिला लाकडी मणी ओवायला लावत होते. तिनं मान मागे झटकली. कट्‌ असा आवाज आला आणि रक्त ओठांवरून थेट मण्यांच्या ताटलीत पडू लागलं. तिची आई दाराशी बसली होती. ती घाई न करता उठली, पदराचं टोक माझ्या नाकाला लावलं आणि म्हणाली, "मान वर करा बाई. चार दिस ठणकते, मंग जाते. माह्यं दोनदा मोडलं."

ऐंशी साल उलटल्यानंतरची ही दोन-चार वर्षं. वर्ध्यात एका इस्पितळाच्या मागे दोन पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथं मी काम करायचे. मी मूळची आर्वीची, नागपुरात ऑक्युपेशनल थेरपी शिकून आलेली. हे नाव गावाकडच्या लोकांच्या तोंडात बसत नसे. ते मला 'कसरतवाली बाई' म्हणत. मुलं यायची ती एकाच अडचणीची नसायची. पाय चालत नाहीत आणि दिसतही नाही, किंवा बोलता येत नाही, फिट येतात आणि वर अंगात वारं भरल्यासारखी धावतात, अशी. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यावर बाकी सगळं करून झालेलं असे. या मुलीच्या पोटावर आणि कानामागं डाग होते. लहानपणी कुणा जाणत्यानं तापलेल्या विळ्यानं तिला डागलं होतं. फिट थांबल्या नव्हत्याच.

मायलेकी आंजीहून एसटीनं यायच्या. मुलीचे वडील ती चार वर्षांची असताना गेले होते, तेव्हापासून दोघी तिच्या थोरल्या काकाच्या घरात राहत. काकाची कापसाची शेती होती, हाताखाली चार माणसं होती. मुलीला एक शब्द येत नव्हता. ती मारायची, चावायची, आणि समोर कुणी नसलं तर स्वतःच्याच कानशिलावर मुठी हाणायची. कानशिलं कायम सुजलेली. एकदा गाडीत तिनं पुढच्या बाईची वेणी धरून तिला बाकावरून खाली ओढलं, तेव्हा कंडक्टरनं दोघींना मधेच उतरवून दिलं. आई तिचं मनगट बैलाच्या कासऱ्यानं आपल्या कमरेला बांधून उरलेली वाट चालत आली. मी सकाळपासून वाट बघून चिडले होते. दोघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा आईच्या खांद्यावर दातांचा ताजा ठसा होता, त्यावर तिनं चुना लावला होता.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मुलगी लाळ गाळत बसून राहायची आणि गोळीचा अंमल उतरला की दुप्पट मारायची. मला नागपुरात जे जे शिकवलं होतं ते सगळं मी करून पाहिलं. हात गुंतवा, काम द्या, चांगलं वागली की शाबासकी द्या, वाईट वागली की लक्ष देऊ नका. कपाळ आपटून घेणाऱ्या पोरीकडे लक्ष कसं द्यायचं नाही, हे मात्र शिकवलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी खोलीत आणखी एक मूल होतं, चार वर्षांचं, पायात जोर नसलेलं. मी कपाटाकडे वळले तेवढ्यात हिनं त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं फरशीवर आपटलं. एकदा, दोनदा. मी धावत जाऊन तिची बोटं सोडवायला लागले तर तिनं माझ्या हातात दात रुतवले. मी तिच्या तोंडावर थप्पड मारली. तिनं हात सोडला. मी आणखी मारली. आणि आणखी एक. पहिली थप्पड सोडवण्यासाठी होती. पुढच्या दोन कशासाठी होत्या ते मला मारतानाच माहीत होतं.

ते मूल रडत होतं, त्याची आई त्याला छातीशी घेऊन माझ्याकडे बघत होती. मी या मुलीच्या आईकडे वळले. ती मला बोल लावेल, निदान उठून जाईल, असं वाटलं. ती म्हणाली, "बाई, एवढ्या हळू मारलं तं तिले समजत नाई."

नाक मोडलं तेव्हा जे लागलं नव्हतं, ते त्या वाक्यानं लागलं. त्या दिवसाच्या नोंदीत मी लिहिलं, 'सत्र लवकर थांबवले.' तेवढंच.

पुढं दोन महिने त्या येत राहिल्या, आणि संक्रांतीच्या आधी एकदम बंद झाल्या. तीन आठवडे झाले. घरी बांधून ठेवली असेल, असं माझ्या मनानं घेतलं. अशी बांधलेली मुलं मी पाहिली होती. एका सकाळी मी आंजीची एसटी धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही. 'मारकी पोरगी' म्हटल्यावर शाळकरी पोरांनी बोट दाखवलं. अंगणात बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी होती, तिच्यात कापूस भरायचं काम चाललं होतं. काकाला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीचा, हडकुळा, डोक्याला दुपट्टा. त्यानं हात न थांबवता आत मान हलवली.

मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. खिडकीसुद्धा बुजली होती. डोळे अंधाराला सरावल्यावर मला ती दिसली. ती कापसात गळ्यापर्यंत बुडून बसली होती. फक्त चेहरा बाहेर. आई शेजारी उभी राहून तिच्या अंगावर आणखी कापूस लोटत होती, दाबत होती. मुलीचे डोळे अर्धे मिटलेले. कानशिलांची सूज उतरली होती. वर्षभरात मी तो चेहरा असा कधी पाहिलाच नव्हता. ती देखणी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"हे काय?" मी विचारलं.

"दरसाली असंच रायते," आई म्हणाली. "कापूस घरात आला का पोरगी देवावानी. बंडी भरली का मंग पुन्हा सुरू. म्हणून आलो नाई तुमच्याकडं. इथं बरी हाय तं काहाले आणू?"

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं काऊन नाई? तुमी तं दात घासते का, संडासले सांगते का, हेच इचारलं."

अंगावर सगळीकडून सारखं वजन पडलं की अशी मुलं निवतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलेलंही होतं.

तेवढ्यात काका आत आला. बाहेरचा ढीग संपला होता, आता ही खोली. "काढ तिले," तो म्हणाला. आई म्हणाली, "भासरे, आज राहू द्या. बाई आल्या." नवऱ्याच्या थोरल्या भावाशी ती खाली बघूनच बोलायची. तो म्हणाला, "तिनं लोळून लोळून माल खराब केला. काल खरेदी केंद्रावर ग्रेड उतरवली माही. काढ."

आईनं तिला उठवायच्या आत त्यानंच हात घातला आणि मुलीला केसांनी बाहेर ओढलं. ती किंचाळली. तो आवाज मी आधी ऐकला होता, पण इतका नाही. तिनं त्याच्या मांडीला चावा घेतला, त्यानं तिला अंगणात फरफटत आणलं आणि बंडीच्या कडेला खोचायचा दांडा, ज्याला आमच्याकडे उभारी म्हणतात, तो उपसला. पहिला तडाखा तिच्या पाठीत बसला. दुसरा नडगीवर. ती पळाली नाही. उलट त्याच्याच अंगावर गेली आणि डोक्यानं त्याच्या छातीवर धडका मारू लागली. भरणारे गडी कापसाचे हात झाडत बाजूला झाले. आई चौकट धरून उभी होती, हलत नव्हती.

मी मधे घुसले. तिसरा तडाखा माझ्या गळपट्टीच्या हाडावर आला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. उभारी पुन्हा वर गेली तेव्हा त्याचं मनगट माझ्या तोंडासमोर होतं, आणि मी चावले.

दात भिडवून सोडून दिले असं नाही. तो ओरडेपर्यंत, दांडा पडेपर्यंत, आणि त्यानंतरही जरा वेळ. तोंडात घाम, तंबाखू आणि कापसाचे तंतू. मग रक्ताची चव.

काका मनगट धरून माझ्याकडे बघत राहिला. "बाई चावली," तो गड्यांना म्हणाला. खरंच नवल वाटल्यासारखा. "कसरतवाली बाई चावली मले." एक गडी हसला आणि लगेच थांबला. मुलगी जमिनीवर बसून स्वतःच्या कानशिलावर ठोसे मारत होती. आई आता हलली. तिनं बंडीतून दोन कवळे कापूस ओढून तिच्या अंगावर टाकला आणि स्वतः वर आडवी पडली.

काकानं सदरा वर केला. बरगड्यांवर, दंडावर, पोटावर जुने नवे चावे होते, काही पांढरे पडलेले, काही निळे. "नऊ वर्सं झाले," तो म्हणाला. "तुमी हप्त्यातून एकदा पायता. मले मारा, चावा, पोलिसात द्या. पन मंग हिले घेऊन जा. एक दिस ठेवा तुमच्या घरी. एकच दिस. नेता?"

मी वर्ध्यात एका खोलीत भाड्यानं राहत होते. घरमालकीण खाली. मी मान खाली घातली. त्यानं तेच उत्तर समजून घेतलं.

माझं हाड मोडलं होतं, ते जुळायला सहा आठवडे लागले. तेवढ्या काळात मला एक सुचलं. कापूस विकला जाणारच. पण सरकी म्हशीला घालायला वर्षभर घरात असते, आणि ती जड असते. आईला निरोप पाठवला. तिनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून तिच्या पट्ट्यापट्ट्यांत सरकी भरली. पहिली इतकी जड झाली की उचलवेना. दुसरी उंदरांनी कुरतडली. तिसरी बसली. मुलगी ती पांघरून चटईवर बसू लागली, आणि हात मोकळे सोडले तेव्हा तिनं मणी ओवले. एसटीत मांडीवर तीच गोधडी. चावणं थांबलं नाही, कमी झालं. काही आठवडे चांगले जायचे, मग एखादा दिवस असा यायचा की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिला फिट आल्यानंतरचा दिवस हमखास वाईट. आम्ही त्या दिवशी काहीच करायचं नाही, असं ठरवून टाकलं.

काका माझ्याशी बोलत नसे. पण पुढच्या हंगामात आईनं सांगितलं, की बंडी भरताना त्यानं कोपऱ्यातला ढीग तसाच ठेवायला लावला. गाद्या भरायच्या म्हणून ठेवला, असं तो लोकांना सांगतो म्हणे. गाद्या काही भरल्या नाहीत.

मुलगी सतराची झाली. उंच झाली, आईपेक्षा दुप्पट ताकदीची. त्या उन्हाळ्यात एका दुपारी ते तिघं इस्पितळामागच्या माझ्या खोलीच्या दारात आले. आईचा उजवा हात कोपरापासून वाकडा लोंबत होता. मुलीनं तिला ओट्यावरून ढकललं होतं. मुलगी गोधडी खांद्यावर घेऊन भिंतीशी उभी राहिली, दमलेली. काकाचा जबडा सुजून एका बाजूला गेला होता. मी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग मुलीच्या अंगाकडे, नवा वळ कुठं दिसतो का ते.

त्याला ते कळलं. "मारलं नाई," तो म्हणाला. नीट बोलता येत नव्हतं. "इचारा तिच्या मायले. खाली पाडून वर झोपलो तिच्या. निवेपर्यंत. तिनं डोक्सं मारलं तरी उठलो नाई."

"खरं हाय," आई म्हणाली. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी आईच्या हाताला फळी बांधायला घेतली. एक्स-रेला न्यायच्या आधी तो हलू नये म्हणून. काका जवळ उभा राहून पट्टीचं टोक धरून होता. बांधून झाल्यावर त्यानं खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत दोन दात होते, मुळासकट.

"हे पुन्हा बसते का, बाई?"

"नाही बसत," मी म्हणाले.

त्यानं पुडी नीट दुमडून खिशात ठेवली आणि तो आईसाठी चहा आणायला बाहेर गेला.