दामूकाकांचा स्नेअर

पनवेलकरांनो, दुपारी पळस्प्याहून आलोय आणि अजून डोकं ठिकाणावर नाही.

नव्वदच्या दशकात फाट्यावरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये दर शनिवारी आमचा फंक बँड वाजायचा. ड्रमवर साठीतले दामूकाका, बेस गिटारवर मी. शेवटचं गाणं झालं की काका स्नेअर ड्रमचा खटका खाली करायचे. खटका वर राहिला तर ड्रमच्या तळाच्या तारा जवळच्या कुठल्याही जड आवाजाने आपोआप थरथरतात. "झोपू दे त्याला," म्हणायचे.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. आज काकींनी स्नेअर न्यायला बोलावलं. चहा घेत होतो आणि कोपऱ्यातला तो ड्रम अचानक वाजला. अगदी हलका, ब्रश फिरवल्यासारखा. खरं तर हायवेवरून कंटेनर गेला होता, इतकंच. तरी माझ्या अंगावर काटा आला.

माझा चेहरा बघून काकींनी विचारलं, "वाजला का रं?"

मी मान हलवली आणि सवयीने खटका खाली करायला उठलो. त्यांनी माझा हात धरला.

"नको. हे गेले आनि मीच तो वर केला. गाडी गेली का बोलतो तो. पन आता मना ऐकूच येत नाय. तू ने. तू ऐक."

स्नेअर आता माझ्या घरी आहे, खटका वरच आहे. पण सातव्या मजल्यावर कंटेनरचा आवाज पोचत नाही. तो बोलेल फक्त माझ्या बेसला, आणि बेसला हात लावायचं धाडस होत नाहीये.

तुम्ही लावला असता?