दोन शेवया आणि एक ताट

माझ्या साडूंइतका उतावळा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याकडेच पाहुणा आलेला असेल. पुण्याच्या एका कंपनीचं काम ते जानेफळात घरी बसून करत. मोबाइल टॉवरच्या यंत्रात तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात. त्यांतून सिग्नल कसा धावेल हे संगणकावर आधीच पाहायचं. दोन पट्ट्या शेजारी आल्या की एकीतला सिग्नल थोडा दुसरीत उतरतो. किती उतरतो, हेच त्यांचं वेड. जेवायला बसले की ताटातल्या दोन मिरच्या समांतर मांडणार आणि "हे पाहा गुरुजी!" म्हणून सुरू होणार. डोणगावच्या एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या मामाच्या ताटातल्या मिरच्याही सरळ केल्या. मामा भडकले. साडू म्हणाले, "चिडता काऊन? जवळ ठेवल्या त एकमेकींची खबर लागते, दूर नेल्या का लागत नाही. गणितच हाय ते!"

गेल्या उन्हाळ्यात मात्र हे वेड अंगाशी आलं. संगणकावरचं उत्तर आणि कंपनीने नमुन्यावर मोजलेलं उत्तर काही केल्या जुळेना. निरोप आला: आज चारच्या बैठकीपर्यंत जुळवा, नाहीतर घरून काम बंद, पुण्याला या. साडूंना गाव सोडायचं नव्हतं. मलाही ते जायला नको होते. रोज चार वाजता माझ्या ओट्यावर आम्ही दोघं चहा प्यायचो, आणि त्या चहाची मला सवय लागली होती.

त्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर स्वारी अंगणात फेऱ्या घालत होती. "पोर्ट चुकून राह्यलं गुरुजी, पण कुठं ते समजून नाही राह्यलं!" पोर्ट म्हणजे पट्टीच्या टोकाला संगणकात लावायची चौकट, सिग्नल तिच्यातूनच सोडायचा, तिच्यातूनच मोजायचा. मला कळावं म्हणून त्यांनी बाजेवर वाळत घातलेल्या दोन शेवया उचलल्या, पाटावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि प्रत्येकीच्या टोकावर एकेक वाटी पालथी घालू लागले. शेवया इतक्या जवळ की वाट्या एकमेकींवर आदळत. एक बसवली की दुसरी सरके. खणखणाट ऐकून मेहुणीबाई तणतणत बाहेर आल्या.

"माह्या शेवयाइचा चुरा करून राह्यले! दोन वाट्या कायले पाह्यजे? इतक्या जवळ हायेत त एकच ताट झाका ना!"

आणि त्यांनी खरंच वरून ताट पालथं घातलं.

साडू ताटाकडे बघत राहिले. मग असे ओरडले की शेजारची शेळी दावं तोडून पळाली. "ताट! गुरुजी, एकच ताट!" दोन पट्ट्यांना दोन वेगळ्या चौकटी लावून त्यांनी दोघींमधला सिग्नलच कापून टाकला होता! धावत आत गेले, दोन्हींभोवती मिळून एकच मोठी चौकट घातली आणि संगणकाला सांगितलं की दोघींमधला सिग्नल दोन चालींनी धावतो, कधी दोघींत सारखा, कधी एकमेकींच्या उलट. दोन्ही चाली मोज. संगणक दुपारभर गणित करत बसला आणि आम्ही त्याच्या मागे खिळून. साडेतीनला पडद्यावरची निळी रेघ मोजमापाच्या लाल रेघेवर अलगद जाऊन बसली. मी, निवृत्तीला टेकलेला मास्तर, चक्क टाळ्या पिटत नाचलो!

कंपनी एवढी खूश झाली की नव्या पोरांना हेच शिकवायला त्यांनाच मोठ्या पदावर पुण्याला बोलावलं. तीन दिवस ते नाही-नाही म्हणत होते. शेवटी मेहुणीबाईच म्हणाल्या, "चला ना. इतकं येते तुमाले, त पोराइले शिकवा." निघायच्या दिवशी ते माझ्याकडे जेवले आणि ताटातल्या मिरच्यांना त्यांनी हातही लावला नाही. मला फार वाईट वाटलं.

दूर गेलं की खबर लागत नाही, हे त्यांचंच गणित. पण रोज चार वाजता मी कप तोंडाला लावतो आणि फोन वाजतो. "काय गुरुजी, एकटेच पिऊन राह्यले काय?"

"हाव," मी म्हणतो. समोर दुसरा कप भरून ठेवलेला असतो, ते मात्र मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.