समुद्राची खालची बाजू

समुद्राला खालची बाजू नसते हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी सोडून दुसरं काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा गंगापूर रोडला राहायचो. ऑफिसातले सगळे सरकारी प्रवास सवलतीवर काश्मीरला जाऊन शिकाऱ्यात फोटो काढून यायचे. आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे कुमुदला, काश्मीर नको होतं. ती शाळेत चित्रकला शिकवायची.

"मला अंदमानला जायचंय. पाण्याखालची पोवळी बघायचीत आणि मासे बघायचेत," ती म्हणाली. "शाळेतल्या मुलींना किती वर्षं मी कॅलेंडरवरचे मासे काढायला लावू? एकदा डोळ्यांनी बघू द्या, मग जन्मात काही मागणार नाही!" (हे वाक्य तिने पुढे फ्रिजच्या वेळीही वापरलं.)

शेजाऱ्यांचा जावई बोटीवर नोकरीला होता. त्याच्याकडून पाण्यात घालायचा रबरी चष्मा आणि तोंडात धरायची नळी मिळाली. आवारातल्या सिमेंटच्या टाकीत मी तालीम केली. टाकीतून नुसती नळी वर आलेली बघून पाणी भरायला आलेल्या शेजारणीची कळशी हातातून सुटली, पण तालीम उत्तम झाली. आणि मला खरं तर तालमीचीही गरज नव्हती! गोदावरीला आम्ही नाशिककर गंगा म्हणतो, आणि त्या गंगेच्या पुरात मी पोहलेला माणूस. माझे वडील, अण्णा, तर त्याहून पट्टीचे. आमच्या घराण्यात मूल आधी पोहतं, मग चालतं, असं अण्णा पाहुण्यांना सांगायचे.

पोर्ट ब्लेअरहून लाँचने कुमुद, अण्णा आणि मी असे आम्ही तिघं एका लहानशा बेटावर उतरलो. लाँच दुपारी परत निघणार होती आणि दुसऱ्या दिवशी आमची मद्रासची बोट. म्हणजे कुमुदला जे काही बघायचं ते त्याच दुपारी, आणि नळी एकच! धक्क्यावर एक होडीवाला म्हणाला, "साब, एक एक करके हाथ पकड़के ले जाऊँगा, सब दिखाऊँगा."

"हाथ पकडके?" अण्णा कडाडले. "अरे, हम नाशिकका आदमी है!"

नाशिक हा काहीतरी आजार असावा, अशा चेहऱ्याने होडीवाला माझ्याकडे बघत राहिला.

ठरलं असं, की आधी मी जाऊन चांगली जागा हेरायची आणि मग कुमुदला न्यायचं. आता आमच्या गंगेवरची एक पद्धत सांगतो. पुरात पोहणाऱ्याने वरच्या अंगाला उडी टाकायची आणि सोबत्याने त्याचे कपडे घेऊन काठाकाठाने खालच्या अंगाला जाऊन उभं राहायचं. पाणी माणसाला बरोबर कपड्यांपाशी आणून सोडतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत, कधी चूक नाही!

अण्णांनी नारळाची एक करवंटी पाण्यात सोडली. ती डुलत डुलत उजवीकडे निघाली.

"उजवीकडे ओढ आहे," अण्णा म्हणाले.

"उजवीकडेच," मी म्हणालो.

"अहो," कुमुद म्हणाली, "समुद्राला खालची बाजू असते का?"

आम्ही बापलेक इतके हसलो, इतके हसलो, की अण्णांना ठसका लागला. निफाडला विहिरीच्या काठावर वाढलेली मुलगी, तिला वाहतं पाणी काय कळणार! मी शर्ट, पँट, टॉवेल आणि माझा जाड भिंगांचा चष्मा अण्णांच्या हवाली केला. दोघं उजव्या टोकाला निघाले आणि मी पाण्यात शिरलो.

सवयीप्रमाणे आधी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. "हर गंगे" म्हणायच्या आत ते नाकातून बाहेर आलं!

पण नंतर? अहाहा! पालथा पडून मी जे काही बघितलं, ते शब्दांत सांगता येणार नाही. चष्मा नसल्यामुळे तर मुळीच सांगता येणार नाही! काहीतरी पिवळं होतं, ते गेलं. काहीतरी निळं आलं. एक मोठं करडं आलं, त्याला मी घाबरून नमस्कार केला. तो बहुतेक दगड होता. तरी ऊर भरून आला. आमच्या अख्ख्या कॉलनीत समुद्राच्या पोटात डोकं घालणारा पहिला माणूस मी! हात-पाय हलवायचीही गरज नव्हती, कारण पाणी आपोआप नेत होतं. गंगामाईसारखंच, म्हटलं. कुठे नेतंय हे बघायला मान वर काढायचं मात्र राहून गेलं.

पाठ चांगली भाजल्यावर मी काठाला लागलो. समोर धूसर धूसर एक पिवळी साडी दिसली आणि शेजारी एक पांढरं डोकं. कुमुदची साडी पिवळी, अण्णांचं डोकं पांढरं. पद्धत म्हणजे पद्धत! रबरी चष्मा आणि नळी डोक्यावर तशीच ठेवून मी ऐटीत चालत गेलो आणि म्हणालो, "टॉवेल दे गं. काय मासे आहेत, वेड लागेल तुला!"

पिवळ्या साडीने अशी काही किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले. ते एक बंगाली कुटुंब होतं. सहलीला आलेलं, भाताचे डबे उघडून बसलेलं.

"कौन हो तुम?" पांढरं डोकं गरजलं.

"जी, मैं नाशिकसे आया हूँ."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, मग समुद्राकडे बघितलं. "नाशिकसे? तैरके?"

खरं सांगतो, त्या क्षणी "हो" म्हणायचा फार मोह झाला होता!

माणसं भली होती. त्यांनी मला लाल चौकड्यांचा एक गमछा दिला आणि वर मासा-भातही वाढत होते. पण त्यांच्या बोलण्यावरून कळलं की मी बेटाच्या पार डाव्या टोकाला आलोय. करवंटी वाऱ्याने उजवीकडे गेली होती. वारा करवंटीला ढकलत होता आणि पाणी मला! कुमुद तिकडे, नळी इकडे आणि लाँचची वेळ होत आलेली. तिची एवढी एकच इच्छा होती आणि ती मी डोक्यावर घेऊन भलतीकडे फिरत होतो. मी गमछा आवळला आणि अनवाणी धावत सुटलो.

उजव्या टोकाला अण्णा माझी पँट झेंड्यासारखी हलवत समुद्राला हाका मारत होते. कुमुद रडत होती. मी मागून आलो म्हणून आधी कुणी ओळखलंच नाही.

"लागलं नाही ना कुठे?" तिने विचारलं. मग डोळे पुसले आणि हात पुढे केला. "नळी द्या."

"अगं, लाँच सुटेल! तुला पोहता येत नाही!"

"पोहायचंय कुणाला? मला बघायचंय."

तिने साडीचा कासोटा घातला आणि वाळूवरून कमरेइतक्या पाण्यात गेली. मी हात धरला (हो, हाथ पकडके!). पहिल्यांदा पाणी नाकात गेलं, दुसऱ्यांदा घशात. तिसऱ्यांदा तिला नळीतून श्वास घेणं जमलं. मग एकेका माशाला ती माझा हात दाबायला लागली. इतका दाबायची की बोटं दुखायला लागली. पण काय सांगू, इतका आनंद मला स्वतःच्या डोळ्यांनी बघताना झाला नव्हता!

लाँचने भोंगा दिला. अण्णा धावत धक्क्यावर गेले. एक पाय धक्क्यावर, एक पाय लाँचवर, अशा थाटात उभे राहून त्यांनी सगळ्यांना बजावलं, "रुको! हमारी सूनबाई मछली देख रही है!" कप्तान तापला. अण्णा हलले नाहीत. सूनबाईचं नीट बघून होईपर्यंत सरकारी लाँच थांबली, आणि हे मी आजही कुणालाही छाती ठोकून सांगतो.

परतीच्या वाटेवर कुमुद ओलेत्या साडीत, केसांत वाळू घेऊन बसली होती आणि बोलत होती. पोपटी मासा पोवळ्याला कसा कुरतडतो, पट्टेवाले जोडीने कसे फिरतात, हे ती हाताने हवेत काढून दाखवत होती. सगळी लाँच ऐकत होती, कप्तानसुद्धा.

एका बाईंनी विचारलं, "बहनजी, आपको सिखाया किसने?"

कुमुदने माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांच्या माना वळल्या. मी गमछा सावरला आणि ताठ बसलो.

"इन्होंने," ती म्हणाली. "पहले ये करके दिखाते हैं. फिर मैं वैसा नहीं करती."