कप्तान साहेबांनी धुतलेला दुपट्टा

बांगलादेशच्या लढाईनंतर फौजेतून सुटलेले एक कप्तान आमच्या तालुक्याला तहसीलदार म्हणून आले. माणूस लाच खात नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार वेगळी आहे.

मी तेव्हा अड्याळच्या पलीकडच्या एका बैलबाजारात दलाली करायचो. बाप मजूर होता; धंदा मी स्वतःच्या जिभेवर उभा केला. पण भाव आम्ही तोंडाने बोलत नसू. खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबायची, म्हणजे बैल कितीला गेला ते शेजाऱ्याला कळत नाही. माझा दुपट्टा मला धंदा शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने दिलेला. तो कधी धुतला नव्हता. धुतला की हातगुण जातो, असं बाजारात सगळेच मानायचे.

साहेबांना त्यात चोरी दिसली. त्यांनी चुन्याच्या रेघा मारून बैल परेडसारखे उभे केले आणि भाव मोठ्याने बोलायचा हुकूम काढला. मी भांडलो, चारचौघांत जरा जास्तच बोललो. त्यांनी माझा दुपट्टा जप्त केला.

त्या दिवशी एकही जोडी विकली गेली नाही. एक शेतकरी त्यांना म्हणाला, "साहेब, तुमचा पगार बोला मोठ्यानं, मंग मी भाव बोलतो." लोक हसले, साहेबही हसले. बाजार ओस पडू लागला तेव्हा त्यांनी हुकूम मागे घेतला. दुपट्टा मात्र कचेरीतच राहिला. मी नवा घेतला, पण त्याखाली हात घालायला जुनी गिऱ्हाइकं कचरू लागली.

काही वर्षांनी साहेबांना बढती मिळाली. निघण्याआधी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझा दुपट्टा होता. स्वच्छ धुतलेला, खळ दिलेला, इस्त्री केलेला.

"साहेब, हा धुवाले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. मी स्वतः धुतला. फौजेतली सवय." ते खूश दिसत होते. मी नमस्कार केला आणि दुपट्टा काखेत घेऊन बाहेर पडलो.

पुढच्या बाजारात मी तोच दुपट्टा पसरला. बोट हललं की खळ करकर वाजायची. समोरच्या व्यापाऱ्याने हात बाहेर काढला. "भाऊ, हा तं मोठ्यानं बोलून राहिला." आजूबाजूचे हसले. त्या दिवशी माझ्याकडे दुसरं कोणी आलं नाही.

वर्षभरात मी बैलबाजार सोडला आणि लाखनीला धानाचा धंदा काढला. साहेब पुढे आणखी वर चढले, असं ऐकलं. दुपट्टा अजून माझ्याकडे आहे. खळ गेली, हातगुण काही आला नाही.