मावशीच्या अंगणातली अबोली

लग्नानंतर नाशिकला निघाले तेव्हा आई रस्त्यापर्यंत आली. एसटी दिसली तशी तिनं ओल्या फडक्यात बांधलेले गुलबक्षीचे कंद माझ्या पिशवीत कोंबले. म्हणाली, "मातीत घाल. एकदा लागली का जात नाय."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिडकोतल्या आमच्या भाड्याच्या खोलीला मातीच नव्हती. कंद पत्र्याच्या डब्यात लावले, ते कुजले. यांच्या कंपनीतल्या शिफ्ट, पाण्याची वेळ, मुलांची रिक्षा, यात पुन्हा लावणं झालं नाही. गावी राहिलेल्यांना वाटतं, शहरात गेलेले सुटले.

आमचं गाव सुरगाण्याकडे, अगदी हद्दीवर. डोंगर उतरला की गुजरात, आणि तिथेच आईचं माहेर. सासरी येताना तिनं तिकडची अबोली, कर्दळ आणली. इकडची गावठी शेवंती माहेरच्याच गावात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, कमलमावशीला, नेऊन दिली. आमची फुलं कधी विकली गेली नाहीत. देवाला, केसांत माळायला, कुणाच्या मयताला, सगळं गाव आमच्या अंगणातून न्यायचं.

वडील गेल्यावर मी आईला नाशिकला आणलं. दिवसभर गॅलरीत बसून असायची. पुढे गावी भावाला घरकुल मंजूर झालं. बांधायला जागा हवी म्हणून त्यानं फुलझाडं काढली आणि फोनवर तसं सांगितलं.

"त्याचंबी बरोबर हाय. पोरांनी राहायचं कुठं?" आई म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला कमळीकडं ने."

यांना सुट्टी मिळेना, म्हणून दिवाळीनंतर मीच नेलं. मावशीच्या अंगणात पाय ठेवला आणि आई थबकली. अबोली कुडाला टेकून फुललेली, शेवंतीला पिवळ्या कळ्या.

"तुझीच हाईत गं, ने की रोपं," मावशी म्हणाली.

"कुठं लावू?" आईनं विचारलं. मग खुरपं मागून घेतलं आणि पदर खोचून शेवंतीतलं गवत काढायला बसली.

परतीच्या गाडीची वेळ झाली, तरी ती उठेना. मी पिशवी उचलली.

"तू जा बाई," ती मान वर न करता म्हणाली. "तुझी पोरं वाट बघत असतील."

मी एकटीच परत आले. इतकी दमले होते की रडूही आलं नाही.

मुलं अजून विचारतात, "आजी घरी कधी येणार?"

मी सांगते, "ती घरीच आहे." आपण कुठे आहोत, हे मात्र त्यांनी अजून विचारलेलं नाही.