घाई त्याले आहे

कुणाच्याही घरी गेले की कम्प्युटरसमोर बसलेल्याचा हात माऊसवरून उचलायचा आणि टेबलाच्या कडेला ठेवायचा, ही त्यांची पहिली रीत. बाईमाणूस असेल तर हाताला हात लावायचे नाहीत. खिशातल्या पेननं टेबलावर टकटक करायचे, की आपणच हात मागे घ्यायचा. मग ते पडद्याकडे बघायचे. तिथं एखादी लाल चौकट लुकलुकत असायची. आत्ताच दाबा, लवकर दाबा, संधी जाईल! ते चौकटीकडे बघत सावकाश म्हणायचे, "घाई त्याले आहे मॅडम, आपल्याले नाही."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, सांगता यायचं नाही. ऐकलं तेवढ्या वेळा पाळलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आर्णीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. सकाळी शाळेत जाताना दिसले की "जयभीम मॅडम" म्हणायचे आणि मीही "जयभीम" म्हणायची. आधी ते जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. गाड्यांमधून आलेला कापूस चिमटीत धरून बघायचा, त्यातली कवडी, म्हणजे किडीनं नाहीतर पावसानं डागाळलेला पिवळा कापूस, वेगळी काढायला लावायची, हे त्यांचं काम. मग कापसाचे वाईट दिवस आले. पिकला तर भाव नाही, भाव आला तर पिकला नाही, अशी गत. जिनिंगला कुलूप लागलं ते लागलंच. बरोबरचे लोक पुण्याला, सुरतेला गेले. हे मात्र बेचाळिसाव्या वर्षी कुठून कुठून सीड्या आणून कम्प्युटर दुरुस्ती शिकले. जुन्या मोपेडला काळी रेक्झिनची पिशवी अडकवून घरोघर फिरायला लागले.

माझी आणि त्यांची खरी ओळख माझ्या कम्प्युटरमुळे झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. घरी कम्प्युटर आणि इंटरनेट असलेली आमच्या गल्लीत मीच एकटी, त्यामुळे जरा शिष्टही होते. खोटं कशाला सांगू? एक दिवस इंटरनेट उघडलं तर माझं नेहमीचं पान गायब. त्या जागी कुठलंसं भलतंच पान, वर एकाखाली एक चार पट्ट्या, आणि काहीही शोधायला गेलं की जाहिरातींचा बाजार. पान बदलून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर! यवतमाळच्या दुकानदारानं फोनवरच निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागेल." म्हणजे सगळं पुसून नव्यानं मांडायचं.

हे आले. आधी विचारलं, "याच्यात जपाचं काय काय आहे?"

मी म्हटलं, "प्रश्नपत्रिका आहेत, फोटो आहेत. यांचे शेवटचे फोटो याच्यातच आहेत." माझे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

"मंग पुसाचं कायले? कवडी वेचून काढा लागते मॅडम. गाठोडंच फेकून द्याचं असते काय?"

आणि ते खरंच वेचायला बसले. आधी कम्प्युटरमध्ये काय काय टाकलेलं आहे त्याची यादी उघडली आणि ती तारखेनं लावली. दुखणं ज्या दिवशी सुरू झालं, त्या दिवशीची अनोळखी नावं एकेक करून काढली. मग ब्राउझरमध्ये शिरून पट्ट्या उपटल्या, शोधायचं ठिकाण पूर्ववत केलं. एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, "थांबा, शेपटी राह्यली." ज्या चित्रावर टिचकी मारून आपण इंटरनेट उघडतो, त्याच्या आतल्या पत्त्याला त्या लबाडानं आपला पत्ता चिकटवून ठेवला होता. तेवढी शेपटी राहिली की दुखणं परत येतं. ती कापली, कम्प्युटर बंद केला, चालू केला, पुन्हा पाहिलं. प्रत्येक गोष्ट काढल्यावर असं. चहा दोनदा गार झाला.

"अर्धवट साफ करण्यापेक्षा न केलेलं बरं," ते म्हणाले. हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

जाताना त्यांनी मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवला. निळ्या शाईत, शाळकरी वळणाच्या अक्षरात: घाई त्याले आहे, आपल्याले नाही. फुकटचं घ्याचं तर ज्यानं बनवलं त्याच्याच घरून घ्या. पुढे-पुढे दाबू नका, आधी वाचा. आणि शेवटी, खाली रेघ मारून: आपोआप काहीच येत नाही, कोणीतरी हो म्हणलेलं असते.

माझ्यासारख्या इंग्रजीच्या मास्तरणीला वाचायला शिकवणारा हा कोण, असं मनात आलं होतं. कागद मात्र राहू दिला.

त्यांच्या गमती सांगायच्या तर बाभुळगावच्या एका खत-बियाणांच्या दुकानदाराची सांगायलाच हवी. त्याच्या पडद्यावर चौकट आली की तुम्ही दहा लाखावे पाहुणे आहात, तुम्हाला मोटार लागली. त्यानं आनंदानं सगळीकडे हो-हो दाबलं आणि गावात पेढे वाटले. दोन दिवसांनी कम्प्युटर अडून बसला तेव्हा यांना बोलावणं. शेठनं यांच्याही हातावर पेढा ठेवला. यांनी तो शांतपणे खाल्ला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "पेढा खरा आहे शेठ. बाकी काईच खरं नाही." ही गोष्ट सांगताना ते स्वतः हसायचे नाहीत. पुढे फक्त एवढं म्हणायचे, "त्या माणसाले हासू नये मॅडम. दोन वर्षांत त्याच्या घरी चांगली बातमी म्हणून तेवढीच आली होती."

त्यांना एकच मुलगी. हुशार, अबोल, बापासारखीच सावकाश. दहावीला चांगले मार्क पडले. सरकारी तंत्रनिकेतनात कम्प्युटरचा डिप्लोमा करायचा, हे बापलेकीचं ठरलेलं होतं. "माझं शिक्षण सीडीवरचं," ते म्हणायचे, "कोणी विचारलं हे असं काहून होते, तर मले सांगता येत नाही. तिले सांगता आलं पायजे." एरवी सगळ्याच बाबतीत थंड असलेला हा माणूस तेवढं बोलताना पुढे सरकून बसायचा.

अर्ज त्या वर्षी इंटरनेटवरून भरायचे होते. मग कागद तपासायला यवतमाळला जायचं. अर्ज माझ्याकडेच भरायचा ठरला. नेमकं त्यांना ढाणकीला दोन दिवसांचं काम निघालं. जाताना म्हणाले, "मी परवा येतो. मशीन एकदा पाहून घेतो, मंग भरू. चार दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गुणपत्रिका दाखवायला आली. मी म्हटलं, "बस, आत्ताच भरून टाकू." तेव्हा भारनियमन होतं. अकराला लाईन जायची ती चारलाच यायची. साडेदहा वाजून गेलेले. मुलगी म्हणाली, "बाबा आल्यावर भरू ना मॅडम?" मी म्हटलं, "अगं, इंग्रजी मला येतं की तुझ्या बाबाला?" हे मी बोलले. हसत बोलले, पण बोलले.

आता जे सांगायचं ते सांगते. आदल्याच दिवशी मी एक गोष्ट केली होती. मी घरी टाइप केलेली मराठी शाळेतल्या कम्प्युटरवर उघडली की नुसत्या चौकोनी डब्या दिसायच्या. एका फॉन्टचं दुसऱ्या फॉन्टमध्ये करून देणारं काहीतरी फुकट मिळालं, ते मी कुठल्यातरी पानावरून उतरवून घेतलं. त्यानं चार वेळा काहीतरी विचारलं. मी चारही वेळा न वाचता पुढे-पुढे दाबलं. त्यांनी चिकटवलेला कागद वीतभर अंतरावर होता. नंतर शोधायचं पान जरा वेगळ्या रंगाचं दिसलं, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

त्या पानावर मी प्रवेशाच्या संस्थेचं नाव टाकलं आणि जे सगळ्यात वर आलं ते उघडलं. नाव तेच वाटलं, बोधचिन्हासारखं काहीतरी होतं. मुलीचं नाव, मार्क, फोन नंबर, सगळं भरलं. अकराला पाच कमी असताना 'आपला अर्ज मिळाला, कागद तपासणीची तारीख कळवू' असं इंग्रजीत आलं. छापून घेतलं आणि लाईन गेली. मला कोण आनंद झाला! ढाणकीला फोन केला. तिकडून ते म्हणाले, "तुमी भरला म्हणजे मले काळजी नाही."

काळजी नव्हती म्हणून ते मशीन बघायला आलेच नाहीत.

पुढचे आठ दिवस मुलीला फोन येत राहिले, पुण्याहून, नागपूरहून, आमच्या कॉलेजात या म्हणून. गल्लीत कौतुक! मी म्हटलं, बघा, मार्कांची किंमत आहे. शेवटी ते छापलेला कागद घेऊन यवतमाळला चौकशीला गेले. खिडकीवरच्या माणसानं पाहिलं आणि सांगितलं, हा आमचा अर्ज नाही. ही कुणीतरी मुलांचे नंबर गोळा करणारी जाहिरात आहे. खरा अर्ज भरायची तारीख जाऊन चार दिवस झालेत.

संध्याकाळी बापलेक माझ्याकडे आले. मुलगी दारातच उभी राहिली. त्यांनी खुर्ची ओढली, यादी उघडली, तारखेनं लावली. अर्जाच्या आदल्या दिवसावर त्यांचं बोट थांबलं. कापूस चिमटीत धरावा तशी अंगठा आणि बोट ते नुसतंच चोळत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हे फॉन्टचं तुमी टाकलं होतं काय?"

आणि मी, चाळीस पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारी बाई, म्हणाले, "नाही हो. आपोआप आलं असेल."

समोरच तो कागद होता. शेवटची ओळ, खाली रेघ मारलेली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "हो जी. येते कधी कधी."

मग मुलीकडे वळून म्हणाले, "मागच्या बारीले मीच नीट साफ केली नव्हती. शेपटी राह्यली असन. माझंच चुकलं माय." त्या अवस्थेतही त्यांनी माझी मशीन पूर्ण साफ केली, तीनदा बंद-चालू करून पाहिली, आणि मगच उठले. मी चहा ठेवते म्हटलं, तर पहिल्यांदाच नको म्हणाले.

पुढच्या वर्षी भरू, असं सगळेच म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांच्या किडन्या गेल्याचं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यवतमाळ. मुलगी बरोबर जायची, आणि उरलेले दिवस एका दुकानात बसायची. डिप्लोमाचं नाव मग कुणी काढलं नाही. दीड वर्षात ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेले. पांढऱ्या साडीतल्या बाया, मेणबत्त्या, वंदनेचे सूर. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा लय बोलत तुमच्याबद्दल. मॅडमची मशीन मी आधी पाहाले पायजे होती, असं शेवटपर्यंत म्हणत." मी तिचा हात धरला. तेव्हा सांगता आलं असतं. मी फक्त रडले, आणि लोकांना वाटलं, बाईंना किती वाईट वाटतंय.

आता मी निवृत्त आहे. मुलगी बसस्टँडच्या बाजूला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवते. शाळकरी मुलं असतात, म्हातारे असतात. मी इतकी वर्षं मुद्दाम दुसरीकडे जायची. गेल्या महिन्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता आणि दुसरं दुकान बंद होतं, म्हणून तिच्याकडे गेले. मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलेला. निळी शाई, शाळकरी अक्षर, पिवळा पडलेला. खाली रेघ मारलेली तीच ओळ.

माझ्या आधी एक पोरगी प्रवेशाचा अर्ज भरायला बसली होती. भराभर टिचक्या मारत होती. हिनं पेननं टेबलावर टकटक केलं. पोरीनं हात मागे घेतला.

ती गेल्यावर मी बसले, आणि बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघून गेलं, "ते आपोआप आलं नव्हतं गं. मीच हो म्हटलं होतं. तुझ्या बाबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. माझं नाव टाइप करत होती, ते पूर्ण केलं. वाचून पाहिलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं मॅडम."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. बाबानं कोणाचीच मशीन कधी अर्धवट साफ केली नाही."

तिनं अंगठ्याचं यंत्र माझ्यासमोर सरकवलं. मी अंगठा ठेवला, तर घेईना. पुन्हा ठेवला, तरी घेईना. डोळे पुसता पुसता बोटं ओली झाली होती.

तिनं टेबलावरचा रुमाल माझ्याकडे केला. "पुसा अंगठा," ती म्हणाली. "सावकाश. घाई नाही."